पडवी अडवून बसलेले खेळाडू

दिलीपराव गेले आणि तेराव्याच्या पंगतीत एकच शब्द फिरत राहिला. हौशी. "मोठा हौशी माणूस हो." "एवढी हौस आता कोणाला असते?" मी वाढत होते म्हणून गप्प राहिले. नाहीतर आमटीचा डाव हातात धरून विचारणार होते की बाबांनो, हौस कोणाची आणि भोगली कोणी?

दिलीपराव मयेकर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुलूचे यजमान. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण मेव्हणे पडले, म्हणून नावाला 'राव' लावायचं आणि अहोजाहो करायचं. मी नर्सची नोकरी करून रिटायर झालेली बाई, राहते सुलूच्या घराजवळच. माझं बोलणं लागतं असं सगळे म्हणतात. लागायलाच हवं. लागणार नसेल तर बोलायचं कशाला?

तर हौस. आमच्या लहानपणी एसटी स्टँडवरच्या दुकानात गुलाबी बबलगम मिळायचा. त्याच्या वेष्टणात एक छोटं कार्ड असायचं, पुढे क्रिकेट खेळणाऱ्याचा फोटो आणि मागे त्याच्या धावा आणि बळी. पोरं ती जमवायची, एकमेकांत लावून खेळायची, हरायची, रडायची. मग मोठी व्हायची आणि विसरून जायची. दिलीपरावांचं यातलं शेवटचं तेवढं करायचं राहून गेलं.

मुलगी बघायला ते आई आणि मामाबरोबर लांज्याला आमच्या घरी आले होते. पोहे झाले, चहा झाला. मामा म्हणाले, "विचार रे काय विचारायचंय ते." दिलीपराव चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "लहानपणी तुम्ही बबलगम खायचात का?"

मी दाराशी ट्रे घेऊन उभी. मला वाटलं, मुलाच्या डोक्यात काहीतरी आहे. सुलू बिचारी घाबरून म्हणाली, "भाऊ खायचा."

"मग त्याची कार्डं असतील?"

सुलू आत गेली आणि वसंताच्या, म्हणजे आमच्या भावाच्या, जुन्या कंपासपेटीतून दोन कार्डं घेऊन आली. माझ्या बहिणीकडे या माणसाने मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. कार्डं मात्र खिडकीशी नेऊन पुढून बघितली, मागून बघितली, नाकाला लावून हुंगली. आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, पसंत आहे. काय पसंत आहे ते कोणी विचारलं नाही. आमचे वडील तर म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे."

मांडवीचं त्यांचं घर समुद्रालगत, पण तसं लहान. मागे स्वयंपाकघर, मध्ये एक खोली आणि पुढे रस्त्याला लागून पडवी. सुलूने लग्नाआधी शिवणाचा कोर्स केला होता. तिचा हात असा की ब्लाउज घातल्यावर बाई आरशासमोरून हलायची नाही. लग्नात वडिलांनी तिला मशीन दिलं. ते पडवीत टाकायचं, रस्त्याला पाटी लावायची, बायका सरळ रस्त्यावरून आत येतील, एवढंच तिच्या मनात होतं. बंगला नको, दागिना नको, पडवी हवी होती. तिने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तसं सांगितलं. दिलीपराव म्हणाले, "देऊ की. जरा माझी कार्डं लावून होऊ देत."

ती लावून कधी झाली नाहीत.

पडवीत दोन कपाटं होती, काचेची. मग तिसरं आलं. मग एक टेबल, त्याच्यावर अल्बम. भिंतीवर फ्रेम. वेस्ट इंडिजचे एका बाजूला, पाकिस्तानचे एका बाजूला, आपले मधोमध, समोर कर्णधार. दिलीपराव बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. दिवसभर मच्छीमारांच्या ट्रॉल्यांत बर्फ भरून घेणारा माणूस संध्याकाळी घरी यायचा, साबणाने दोनदा हात धुवायचा आणि पडवीत शिरायचा. पंखा लावायचा नाही, कार्डं उडतात. खिडक्या उघडायच्या नाहीत, खारं वारं लागतं. पडदे ओढलेले, ऊन लागलं की रंग जातो. घरातला सगळ्यात चांगला भाग, आणि तो या मेल्यांसाठी बंद!

आणि माझी बहीण स्वयंपाकघरात, गॅस आणि पाण्याचा पिंप यांच्या मध्ये मशीन टाकून शिवत बसलेली. मागे फणस आणि माड यांची दाटी, म्हणून भर दुपारी दिवा लावायला लागायचा. एकदा बँकेत नोकरी करणारी एक बाई ब्लाउज घ्यायला आली. घालून बघितला, खूश झाली, आणि मग हळूच म्हणाली, "सुलू, फिटिंग एकदम मस्त आहे गो. पण याला बांगड्याचा वास येतोय." सुलू कानापर्यंत लाल झाली. परत ती बाई आली नाही.

हे मला सुलूने सांगितलं तेव्हा मी तशीच उठून पडवीत गेले. म्हटलं, "दिलीपराव, तुमच्या खेळाडूंना स्वयंपाकघरात बसवा की. त्यांना काय, वास येत नाही."

दिलीपराव हसले. त्यांचं हसणं हा आणखी एक वैताग. कितीही बोला, माणूस हसायचा. "ताई, तुम्हाला गंमत सुचते," म्हणायचे आणि कार्ड पुसायला लागायचे. भांडणारा माणूस परवडतो हो, त्याच्याशी भांडता तरी येतं.

रविवारी तर जत्राच. देवरूखहून एक चित्रकलेचे सर यायचे, लांज्याहून एक काजूवाला, आणखी इकडचे तिकडचे दोघे-तिघे. सगळे बाप्ये, पोटं सुटलेले, डोक्यावर विरळ. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कार्डं. एकाकडे एकच खेळाडू दोनदा आला की ते 'डबल', आणि डबल द्यायचं नि नसलेलं घ्यायचं, हा त्यांचा धंदा. मी एकदा चहाचा ट्रे घेऊन आत गेले तर हे सगळे गोल बसून एक एक कार्ड हुंगत होते. काजूवाल्याच्या डोळ्यांत पाणी.

"काय हो, कोण गेलं?" मी विचारलं.

"नाही ताई," तो म्हणाला, "अजून तोच वास आहे. गुलाबी बबलगमचा. काय दिवस होते ते!"

काय दिवस होते? मी त्याच लांज्यात होते की! विहिरीवरून पाणी आणताना कंबर मोडायची. पावसात शाळेत जायचं तर अंगावर इरलं, आणि पोचेपर्यंत दप्तर भिजून लगदा. आणि बबलगम? तो वसंताला मिळायचा. मुलींच्या हातावर कोणी चार आणे ठेवले? वसंता बबलगम तोंडात टाकायचा, कार्ड खिशात टाकायचा, आणि सुलूला वेष्टण द्यायचा, हुंगायला. म्हणजे वास तिच्याही नाकात आहे. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी कधी बघितलं नाही. ज्यांना तेव्हा मिळालं त्यांनाच आता आठवतं, आणि बाकीच्यांनी त्यांच्यासाठी चहा करायचा.

हे मी ट्रे हातात घेऊन तिथेच बोलले. देवरूखच्या सरांनी मान खाली घातली. दिलीपराव म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे," आणि पुढचं कार्ड काढलं.

पावसाळ्यात या घरात काय चालायचं ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. आषाढात आमच्याकडे कपडा म्हणून वाळत नाही. अंथरूण दमट, मीठ पाणी होऊन बसतं, चपलेला बुरशी. अशा वेळी दिलीपराव कार्डांच्या कपाटांत रात्रंदिवस बल्ब पेटता ठेवायचे. घरातली माणसं ओल्या चादरीत आणि क्रिकेटर उबेत. त्यांच्या लेकीचे, प्राजूचे, शाळेचे मोजे वाळेनात, म्हणून सुलू हळूच ते त्या कपाटात ठेवायला लागली. सकाळी मोजे कडक वाळलेले. तीच एक अक्कलहुशारीची गोष्ट त्या कपाटाने केली. पण एकदा मोजा काढायचा राहिला, आणि दिलीपरावांना तो कर्णधाराच्या तोंडावर पडलेला सापडला. त्या दिवशी मात्र ते हसले नाहीत. दोन दिवस बायकोशी अबोला. मोज्यावरून! मी सुलूला म्हटलं, दुसरा मोजापण टाक, जोडी होऊ दे. तर ती म्हणते, "असू दे गो ताई. त्यांचं आणखी काय आहे?"

'असू दे गो' हा सुलूचा मंत्र. टेबलाच्या वेळीसुद्धा तोच.

ब्लाउज शिवून शिवून तिने कापड कापायचं एक टेबल करून घेतलं होतं, घडीचं, सागवानी. स्वयंपाकघरात कायम मांडायला जागा नाही, म्हणून ते पडवीच्या दाराशी टेकवलेलं असायचं. देवरूखच्या सरांकडे वेस्ट इंडिजच्या एका उंच गोलंदाजाचं कार्ड होतं. दिलीपरावांना ते हवं होतं, पण सर कुठल्याही डबलला तयार होईनात. सरांची नजर टेबलावर गेली. चित्रं काढायला फार छान होईल म्हणाले. आणि आमच्या दिलीपरावांनी टेबल दिलं! रिक्षात चढवायला हातसुद्धा लावला. सुलू बाजारातून आली तेव्हा दाराशी टेबल नाही आणि नवरा पडवीत त्या गोलंदाजासमोर डोळे मिटून बसलेला.

मी देवरूखची गाडी पकडायला निघाले होते. टेबल परत आणणार होते आणि सरांना चार रंग दाखवणार होते. सुलूने माझा हात धरला, स्वतःची शपथ घातली. तेव्हापासून ती जमिनीवर पालथी होऊन कापड कापायची. गुडघे दुखायला लागले. टेबल गेलं त्याच रात्री तिने मला या वेडाचं कारण सांगितलं, म्हणजे तिच्या मते कारण. दिलीपरावांचे वडील बोटीवर खलाशी होते. वर्षातून एकदा घरी यायचे, आणि आले की पहिल्या दिवशी पोराला दुकानात नेऊन खिसे भरून बबलगम घेऊन द्यायचे. एका वर्षी आले नाहीत. बोटीवरच आजारी पडले आणि परमुलखातच वारले. "कार्डं हातात घेतली की त्यांना वडील दिसतात गो," सुलू म्हणाली.

वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? बापाविना पोर वाढणं सोपं नाही. पण बाप आठवायचा तर बापाचा फोटो लावावा ना भिंतीला! बापाच्या नावाने वेस्ट इंडिजचा गोलंदाज कशाला? आणि त्याच्यासाठी माझ्या बहिणीचं टेबल कशाला?

आता लॅमिनेशनची गोष्ट. ही कोकणातल्याच माणसाला सुचणार. आमच्याकडे जे जे मोलाचं ते ते लॅमिनेट करायची पद्धत आहे. जन्माचा दाखला, दहावीचं मार्कलिस्ट, सातबारा, गेलेल्या आजोबांचा फोटो, सगळं प्लास्टिकात. पाऊस कशालाच सोडत नाही, माणसांनी करायचं काय? एका पावसाळ्यात वीज सारखी जायला लागली, बल्ब विझले, आणि अल्बमच्या पानांवर पांढरी बुरशी आली. दिलीपराव वेडेपिसे झाले. ऊन पडल्या दिवशी पिशव्या भरून बाजारात झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि एकूण एक कार्ड लॅमिनेट करून आले. रविवारच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काजूवाला म्हणाला, "दिलीपभाऊ, आता तुम्ही जिंकलात. आता शंभर वर्षं चिंता नाही." मला स्वतःला तेव्हा वाटलं, चला, आता पाण्यात बुडवली तरी काही होत नाही, तर न्या ती माळ्यावर आणि पडवी मोकळी करा. तसं मी सुचवलंही. "माळ्यावर?" दिलीपराव म्हणाले, जणू मी त्यांच्या आईला माळ्यावर ठेवायला सांगितलं.

पुढच्या वर्षी मुंबईहून एक तरुण येणार असं कळलं. जुन्या खेळण्यांचं, कार्डांचं प्रदर्शन भरवणारा. कोणाकडून तरी त्याने दिलीपरावांचं नाव ऐकलं होतं. झालं! मांडवीत एक घर राहिलं नाही जिथे ही बातमी पोचली नाही. पडवीला रंग काढला. नवे पडदे शिवले, कोणी ते सांगायला नको. सुलूने सकाळपासून उकडीचे मोदक केले, सोलकढी केली, सुरमई तळली. मीही होते, नारळ खवायला.

मुलगा आला. गुणी होता हो, पाया पडला. पडवीत जाऊन त्याने बॅगेतून पांढरे हातमोजे काढून घातले. ते बघून दिलीपरावांचा ऊर भरून आला. त्यांनी पहिला अल्बम दोन्ही हातांनी पुढे केला. मुलाने एक कार्ड काढलं, जरासं वाकवलं. प्लास्टिक कडकड वाजलं. त्याने ते ठेवलं, दुसरं काढलं. मग तिसऱ्या कपाटाकडे बघितलं.

"काका, ही सगळी लॅमिनेट केलीत?"

"एकूण एक," दिलीपराव म्हणाले. "एकसुद्धा सोडलं नाही."

मुलाने हातमोजे काढले. "काका, कार्ड जसं निघालं तसंच लागतं. आता यांना कोणी हात लावणार नाही. सॉरी काका."

मोदक खाऊन तो गेला. त्याची काही चूक नव्हती. दिलीपरावांनी संध्याकाळी सुलूची इस्त्री मागून घेतली. प्लास्टिक गरम करून सोलून बघतो म्हणाले. कर्णधारापासून सुरुवात केली. प्लास्टिक निघालं, पण त्याला चिकटून कर्णधाराचं तोंडही निघालं. कार्डावर नुसता पांढरा कागद राहिला. मी समोर उभी होते आणि, खरं सांगते, माझ्या मनात आलं की देवा, न्याय झाला. हसूही आलं.

चार दिवसांनी सुलूचा फोन आला की पडवी रिकामी झाली. मी चप्पल घालून निघालेच. कपाटं विकून टाकली होती, अल्बम खोक्यांत बांधून माळ्यावर. दिलीपराव मशीन स्वतः उचलून पुढे आणत होते, धापा टाकत. तीन खिडक्या सताड उघड्या, समोर समुद्र. मशीन ठेवलं. सुलू स्टुलावर बसली, दोन्ही हात मशीनवर ठेवले आणि इकडे तिकडे बघितलं.

"किती उजेड आहे गो ताई इथे," ती म्हणाली.

मग तिने रीळ चढवलं आणि सुईत दोरा घालायला लागली. जाईना. परत केला. परत जाईना. मी म्हटलं, घाई करू नकोस. ती म्हणाली, "घाई नाही गो. मला सुई एका बाजूने दिसतच नाही. कधीपासून असं होतंय. स्वयंपाकघरात मला वाटायचं, काळोख आहे म्हणून."

मी तिला दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. एक डोळा बराचसा गेलेला, दुसरा धरून ठेवायचा. गेलेलं परत येत नाही, थेंब घालत राहायचे. काळोखात शिवल्याने हे होत नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. मी नर्स आहे, मलाही माहीत आहे होत नाही. पण रस्त्यावरच्या पडवीत चार बायका रोज येत्या-जात्या असत्या, तर त्यातली एक तरी म्हणाली असती, सुलू, काजं वाकडी का येतायत गो, डोळे दाखव. स्वयंपाकघरात तिला कोण बघत होतं? सुरमई?

पाटी लागली. सरळ शिलाई तिला हाताच्या सवयीने जमायची. फॉल, हुक, काज बंद. सुईत दोरा ओवायचं काम दिलीपरावांनी घेतलं. कारखान्यात जाण्याआधी ते पडवीत बसायचे, कच्च्या टाक्यांसाठी वेगवेगळ्या रंगांचे दोरे ओवून सुया टाचण्यांच्या उशीत टोचून ठेवायचे, आणि मशीनच्या सुईतही ओवून जायचे. दुपारी दोरा तुटला की सुलू त्यांना फोन करायची आणि ते सायकल हाणत यायचे, दोरा ओवून परत बर्फात. शेजारीपाजारी म्हणायला लागले, काय सेवा करतो बायकोची! सेवा! पडवी आधी दिली असती तर पुरे होतं.

शेवटचं मी त्यांना बघितलं ते एका सकाळी, त्यांच्या छातीत कळ आली त्याच्या आदल्या आठवड्यात. सुलू आत आंघोळीला गेली होती. दिलीपराव पडवीत खिडकीशी बसून जांभळा दोरा ओवत होते. चष्मा कपाळावर, जीभ दातांत. दोरा सुईच्या बाजूने जायचा, ते दोऱ्याचं टोक थुंकीने ओलं करायचे, परत धरायचे. त्यांचेही डोळे पन्नाशीचे.

"आणा इकडे," मी म्हटलं.

"नको ताई. हे माझं काम आहे."

मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ताई, तुम्ही मला एवढी वर्षं बोलत राहिलात. पडवीवरून, टेबलावरून. मी हसत राहिलो. तुम्ही एकदा माझ्या थोबाडीत का नाही मारलीत?"

पहिल्यांदाच या माणसाने मला काहीतरी विचारलं होतं, आणि हसत नव्हता.

"मेव्हण्याच्या थोबाडीत मारायची आपल्याकडे पद्धत नाही, दिलीपराव."

"असायला हवी होती," ते म्हणाले, आणि सुई परत उजेडाकडे धरली.